टाइमच नाही म्हणणाऱ्यांसाठी: रोजच्या धावपळीत स्वतःकडं बघायचं कसं

ऑक्टोबरात सोयाबीनची आवक जोरात होती तेव्हाची गोष्ट. मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशोबाला आहे, पट्ट्या म्हणजे शेतकऱ्याच्या मालाची बिलं करायची, टॅलीत एन्ट्र्या मारायच्या, हमाली तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात कागद द्यायचा, असं काम. त्या दिवशी पोटात सकाळपासून दोन कप चहा सोडून काही नव्हतं आणि दुपारी तीनच्या सुमाराला मी एका काकांच्या पट्टीवर १४ क्विंटलचे ४१ क्विंटल करून टाकले. काका कागद घेऊन पायरीपर्यंत गेले, परत आले, आणि म्हणले, "ताई, दोन एकरात एवढं निघालं असतं तर म्या चारचाकीत आलो असतो की. जेवलाव का न्हाई आज?"

सगळे हसले, मी पण हसले, पट्टी फाडून दुसरी केली. पण घरी जाताना स्कूटीवर डोळ्यातनं पाणी यायलं ते काही थांबेना. चुकीचं एवढं काही नाही, चुका होतात, पण जेवलाव का हे दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं आणि मला खरंच आठवेना की मी जेवले का नाही. डबा उघडून बघितला तेव्हा कळलं, भाकरी जशीच्या तशी.

तिथून हे सगळं चालू झालं. मी डॉक्टर नाही, योगा टीचर नाही, तीन चार महिने धडपड करून जे जमलं आणि जे नाही जमलं तेवढंच सांगायलेय, अगदी नव्यानं सुरू करणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून.

आधी मी कुठं फसले ते ऐका म्हणजे तुम्ही फसणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत मोबाईलवर एक ध्यानाचं ॲप घेतलं, पहाटे पावणेपाचचा अलार्म लावला, रोज वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं ठरवलं, तीन दिवस बसले पण. चौथ्या दिवशी पहाटे नळ आला. आमच्या भागात आठवड्यातनं एकदा नळ येतो आणि टाइमचा काही भरवसा नाही, आणि एकदा का शेजारच्यांची मोटार चालू झाल्याचा आवाज कानावर पडला की लातुरातल्या बाईला कसलं ध्यान लागतंय हो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेलं गाव आहे हे, इथं मोटारीच्या आवाजाला माणूस झोपेतनं उठून पळतो. ते ॲप मग आठ दिवस रोज मला आठवण करून देत राहिलं की तुम्ही आज बसला नाहीत, आणि आधी नुसती दमलेली मी आता दमलेली प्लस गुन्हेगार. काढून टाकलं.

त्यातनं एक डोक्यात पक्कं बसलं. वेगळा वेळ काढायच्या नादाला लागायचंच नाही. जी कामं आपण करणारच आहोत, चहा, भाकरी, गाडी चालू करणं, अंग धुणं, त्यातल्याच दोन चार मिनिटांत स्वतःकडं बघायचं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं ह्याच हिशोबानं आहे.

म्हणजे नेमकं करायचं काय असतंय

सेल्फ केअर म्हणलं की पार्लर, फेशियल, महाबळेश्वर असं येतं डोळ्यासमोर. ते करा की, कोण नाही म्हणतंय, पण ते वर्षातनं एकदा. इथं बोलायलोत ते रोजचं, आणि त्याच्या पुढं जो माइंडफुल शब्द लावतात त्याला आपल्याकडं साधा शब्द आहे, भान. जे चाललंय त्याचं भान असणं. भूक लागली, खांदे आखडले, चिडचिड व्हायली, हे झाल्या झाल्या कळणं.

ह्याचा एक रीतसर कोर्स अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन ह्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात सुरू केला, आठ आठवड्यांचा, ज्या पेशंटचं दुखणं औषधानं हटत नव्हतं त्यांच्यासाठी. मूळ मात्र बौद्ध परंपरेतलं, म्हणजे आपल्या अजिंठा वेरूळच्या लेण्यांमधे जे भिक्खू राहिले त्यांच्या घरचंच म्हणा. ज्याला खोलात जायचंय त्याच्यासाठी इगतपुरीला विपश्यनेचं मोठं केंद्र आहे, दहा दिवस मौन, मोबाईल जमा, फी काही नाही, शेवटी इच्छा असेल तर दान. जमत असेल तर जरूर जा. मी आमच्या मालकांना दहा दिवस सुट्टी मागितली तर ते कायमचीच देतील, त्यामुळं मी माझं गॅसच्या ओट्यापाशी चालू केलं.

पायरी १: आठ दिवस काहीच बदलायचं नाही, नुसतं लिहायचं

ही पायरी सगळे गाळतात. गाळू नका.

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, दुधाचा हिशोब आपण लिहितोच त्याच्यावर, त्याच्या शेजारी दिवसातनं तीनदा दोन दोन शब्द लिहायचे. सकाळी अकराला, चारला आणि झोपताना. एक शब्द अंगाचा, एक मनाचा. कामावर असाल तर तळहातावर लिहा आणि घरी येऊन उतरवा, मी तसंच केलं, आमचा हमाल दादा एकदा विचारला, ताई हे हातावर "डोकं, राग" काय लिहून घेतलाव. का झालं, कुणामुळं झालं, हे लिहायचं नाही. ते लिहायला गेलं की आपण जाऊबाईवर येतो आणि मग कॅलेंडर पुरत नाही.

माझे पहिल्या आठवड्यातले शब्द असे होते: मंगळवार चार वाजता, डोकं, वैताग. बुधवार चार, डोकं, वैताग. गुरुवार चार, बरं, बरं. शुक्रवार झोपताना, पाय, लेकरावर ओरडले. शनिवारी एकत्र वाचलं तर दिसलं की गुरुवारी मी सकाळी घरनं निघताना तांब्याभर पाणी पिऊन निघाले होते, उशीर झाला होता म्हणून चहा नव्हता मिळाला म्हणून. बाकीच्या दिवशी अकरा वाजेपर्यंत पोटात तीन चहा आणि पाणी शून्य. दोन वर्षं मी त्या डोकेदुखीला चष्म्याचा नंबर वाढला म्हणायले होते. आणि लेकरावर ओरडल्याचे जेवढे दिवस, तेवढे सगळे दुपारचा डबा न उघडल्याचे दिवस. अभ्यासाचा काही संबंध नव्हता बिचाऱ्याच्या.

तुमचं वेगळं निघेल. पण निघेल काहीतरी.

पायरी २: एक खुंटी ठरवा

खुंटी म्हणजे रोजचं एक काम, जे तुम्ही काही झालं तरी करताच, त्याच्यावर ही सवय टांगायची. एकच निवडा, दोन नाही. माझी खुंटी सकाळचा चहा. आधी कसं व्हायचं, आधण ठेवलं की मी डबे भरायला पळायची, मधेच कपडे भिजवायची, आणि चहा उतू गेल्यावर सगळ्या घराला बोलायची. आता आधण ठेवलं की गॅसपाशीच उभी राहते. चार मिनिटं लागतात, जास्त नाही.

उभं राहून करायचं काय तर तळपाय फरशीला टेकलेत ते जाणवून घ्यायचं, थंडीत शहाबादी फरशी चांगलीच कळते. मग पाण्याचा आवाज, आधी बारीक सूं येतो, मग तळातनं बुडबुडे सुटले की तो आवाज जाड होतो, हे मला चाळिशीत आल्यावर कळलं, वीस वर्षं रोज दोनदा चहा करते मी. आलं किसून टाकलं की वास आधी तिखट येतो आणि साखर पडली की बदलतो. मधेच मन पळतंच, आज तुरीची आवक किती होईल, लाईट बिल भरलं का, गॅसवाला कधी येणार. पळालं हे ध्यानात आलं की त्याच्याशी भांडायचं नाही, परत पातेल्याकडं यायचं. चार मिनिटांत दहादा पळालं तर दहादा परत यायचं, एवढाच व्यायाम आहे हा. मन कोरं करायला जाऊ नका, ते होत नसतंय.

तुमची खुंटी भाकरी थापायची असेल, दाढी असेल, म्हशीची धार असेल, एसटीची वाट बघणं असेल. भाकरी तर फारच चांगली, कारण ज्वारीच्या पिठाला उन्या पाण्याचा अंदाज चुकला की भाकरी फाटते, म्हणजे लक्ष तिथं ठेवावंच लागतं. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत दळायच्या त्यातही हेच असणार थोडंसं, हात एका लयीत, तोंडानं ओवी, मनाला पळायला जागाच कमी. म्हणून काही जातं परत आणा असं मी म्हणणार नाही, त्या बायकांना विचारा खांदे किती दुखायचे.

किती दिवसात सवय लागते? २१ दिवस असं सगळीकडं ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या लोकांनी २००९ मध्ये एक अभ्यास छापला, ९६ जणांवर केलेला, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एखाद दिवस चुकला तर सवय मोडते असं काही दिसलं नाही. त्यामुळं नळ आला तर पाणी भरा, उद्या करा.

पायरी ३: गाडी चालू करायच्या आधी दहा श्वास

खुंटी पंधरा वीस दिवस टिकली की हे घ्या. स्कूटी स्टँडवर, चावी लावलेली, पण बटण दाबायचं नाही. नाकानं श्वास आत, मनात चार आकडे. मग हळूहळू बाहेर, सहा आकडे. असे दहा. शंभर सेकंद होतात, दोन मिनिटंसुद्धा नाही. श्वास बाहेर सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात, मेंदूतनं छातीपोटापर्यंत जाणारी जी व्हेगस नावाची नस आहे तिचं काम ते, म्हणून सोडायचा वेळ घ्यायच्या वेळेपेक्षा लांबवायचा. संध्याकाळी गंजगोलाईतनं जायचं असेल तर मी निघायच्या आधी हे करतेच, सोळा रस्ते एका गोलात येऊन पडतात तिथं, आणि सोळाच्या सोळा रस्त्यांवरच्या लोकांना आधी मीच जाणार असं वाटत असतं.

चक्कर आल्यासारखं झालं, हातापायाला मुंग्या आल्या तर मोजायचं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या, जोर लावायचाच नाही. गाडी चालवताना हे करू नका. आणि डोळे मिटायची सक्ती अजिबात नाही, हे जरा थांबून सांगते कारण मला घरातच शिकायला मिळालं.

आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा त्या माहेरीच होत्या. मी मोठ्या उत्साहानं त्यांना म्हणलं, आत्याबाई, तुम्ही पण बसा, डोळे झाका, श्वास बघा. एक मिनिट झालं नसेल, त्यांनी डोळे उघडले आणि म्हणल्या, "मला नको माय हे. डोळे झाकलं की मला त्या रात्रीचंच ऐकू यायलंय." मला इतकं कसंतरी झालं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ज्यांनी असं मोठं काही भोगलंय त्यांना शांत बसून आत बघणं कधी कधी उलट त्रासाचं होतं, त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, हातात काहीतरी धरावं, समोरच्या वस्तूंकडं बघावं. आत्याबाई रोज ओसरीवर परातीत तूर निवडायला बसतात, खडा बाजूला, किडका दाणा बाजूला, बोटं चालू. मी त्यांना सांगितलं तुमचं हेच ध्यान. त्या म्हणल्या, "मग आधी सांगायचं की, मी तर पन्नास वर्षं करायलेय."

पायरी ४: पहिले पाच घास

पूर्ण जेवण शांतपणे, सावकाश, बत्तीसदा चावून, हे मला जमलं नाही आणि दुकानात बसून जेवणाऱ्या कुणालाच जमणार नाही. पाच घास जमतात. मोबाईल पालथा, पाच घास, नंतर घ्या हवं तर.

त्या अमेरिकेतल्या कोर्समधे पहिल्या दिवशी हातावर एक बेदाणा ठेवतात आणि तो बघून, हुंगून, मग सावकाश खायला लावतात. आपण शेंगदाणा घेऊ. भाजलेला एक दाणा दोन बोटात धरून चोळा, साल सुटताना कुरकुर आवाज येतो, तो आधी ऐका. दाण्याच्या दोन डाळी वेगळ्या होतात आणि एका टोकाला तो बारीक कोंब दिसतो. तोंडात टाकला तरी लगेच चावायचा नाही, जिभेला आधी नुसतं खरबरीत लागतं, चव काहीच नाही. चावला की भाजल्याचा कडवटपणा, मग तेल सुटतं, आणि अगदी शेवटी, गिळायच्या आधी गोड लागतो. मी ह्याच्या आधी शेंगदाणे मुठीनं खायची, गोड लागतात हे मला माहीतच नव्हतं.

आता बायकांसाठी एक वेगळं. आपण शेवटी जेवतो, उभ्यानं जेवतो, कुणाचं उरलं तर ते खातो, आणि भाजी संपली तर ठेच्यासंगं भाकरी खाऊन उठतो. त्यामुळं सगळ्यांना वाढायच्या आधी स्वतःचं ताट वाढून झाकून ठेवायचं. एवढंच. खायचं नंतर खा, पण ताट आधी वाढा. पहिल्या दिवशी मला चोरी केल्यासारखं वाटलं, खरंच सांगते. तिसऱ्या दिवशी लेकरानं विचारलं हे कुणाचं ताट, म्हणलं माझं. त्याला काहीच विशेष वाटलं नाही, विशेष मलाच वाटायलं होतं.

आपल्याकडं लातूर धाराशिवच्या लोकांना सावकाश जेवणं शिकवायची तशी गरज नाही खरं तर, येळवसेला बघा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं शहर ओस पडतं, शाळा दुकानं बंद, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी, पांडवांची पूजा, आणि मग भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची बेसन लावलेली मिसळ भाजी, उंडे, आणि ताकातली ज्वारीची आंबिल. मातीच्या बिंदग्यातली गार आंबिल पिताना कुणी मोबाईल बघत नाही, कारण एका हातात द्रोण असतो आणि दुसऱ्या हातानं भज्जीत कुस्करलेली भाकरी चाललेली असते. त्या दिवशी मला कळलं की मला हे येतं, मी फक्त वर्षातनं एकदाच करते.

पायरी ५: पाणी, आणि ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही ते

दिवसभर पाणी प्या हे सगळे सांगतात. बाई पाणी का पीत नाही हे कुणी विचारत नाही. मी पीत नव्हते कारण मी जिथं काम करते तिथं बायकांना जायला धड जागा नव्हती. एक होतं, दार लागायचं नाही, पाणी नसायचं. त्यामुळं सकाळी नऊला घरनं निघाले की संध्याकाळी सहाला घरी येऊनच. असं दाबून ठेवल्यानं लघवीच्या जागी इन्फेक्शन होऊ शकतं, मला वर्षात दोनदा झालं, दोनदा गोळ्यांचा कोर्स. आणि आपल्याकडचा मे म्हणजे बेचाळीसला पारा, त्यात पाणी न पिता बसणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

इथं श्वास मोजून काही होत नाही, इथं तोंड उघडावं लागतं. शेजारच्या दुकानांमधे अजून दोघीजणी कामाला आहेत, आम्ही तिघी मिळून आमच्या मालकांकडं गेलो. एकटीनं गेलं की लाजतो आपण आणि समोरचा पण इकडं तिकडं बघायला लागतो. आम्ही सरळ म्हणलं, शेठ, दाराला कडी, आतमधे बादली आणि कुलपाची एक चावी आमच्यापाशी, एवढं पाहिजे. ते आधी बघू म्हणले. आठ दिवसांनी परत गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कडी लागलेली होती. चावी आता माझ्या टेबलाच्या खणात असते, पट्टीबुकाच्या शेजारी, आणि ह्या चार महिन्यांत मी स्वतःसाठी केलेलं सगळ्यात मोठं काम कुठलं विचारलं तर मी ती चावी दाखवीन.

बाकी पाण्याचं सोपं आहे. लघवी गडद पिवळी तर पाणी कमी पडायलंय, फिकी तर ठीक. उन्हाळ्यात जुलाब उलटी झाली आणि घरात ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, वर काढलेला ढीग नको.

पायरी ६: वाटून द्या

नळाच्या दिवशी आमच्या घरात चार माणसं आणि पळणारी एक, असं होतं. मी नवऱ्याला म्हणलं, पाईप आणि मोटार तुमची, गच्चीवरची टाकी लेकराची, पिण्याचं पाणी गाळून भरायचं माझं. भांडून नाही म्हणलं, रविवारी दुपारी पोटभर जेवण झाल्यावर म्हणलं, टायमिंगला महत्त्व आहे. "मदत करा" म्हणू नका, मदत म्हणलं की ते तुमचंच काम राहतं आणि बाकीचे उपकार करतात. नाव घेऊन काम सोपवा. आणि मग दिलेलं काम त्यांनी वाकडं केलं तरी मधे पडायचं नाही. पहिल्यांदा टाकी भरून वाहिली, अर्धा बॅरलभर पाणी गच्चीवरनं खाली गेलं, लातुरात, माझा जीव जायचा राहिला होता. गप बसले. दुसऱ्यांदा नाही वाहिली.

पायरी ७: रात्र

मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग अंगातनं जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाचा चहा अकराला निम्मा अंगातच असतो. चहा सोडा असं मी आडतीत बसून म्हणू शकत नाही, तिथं चहा म्हणजे नमस्कार असतो, पण पाचनंतर मी अर्ध्या कपावर आले. मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात लावायचा, उशाला नाही. अलार्मला साधं घड्याळ आणलं.

अंथरुणावर पडलं की पायाच्या अंगठ्यापासून वर यायचं, अंगठा, टाच, पोटरी, गुडघा, प्रत्येक ठिकाणी दोन श्वास थांबायचं, कुठं ताण वाटला तर तेवढा भाग सैल सोडायचा. मी आजवर कमरेच्या वर गेले नाही, त्याच्या आधीच झोप लागते. गुडघ्यापाशीच डोळा लागला तर काही बिघडत नाही.

चालण्याबद्दल दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला कमीत कमी १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, दिवसाला वीस बावीस मिनिटं. मी स्कूटी यार्डाच्या गेटापाशीच लावते आणि आत चालत जाते, येताना तेच. पूर्ण नाही होत, पण आधी शून्य होतं.

सगळ्यांना हे असंच लागू नाही

माझा भाऊ वाळूजला कंपनीत आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. त्याला सकाळचा चहा ही खुंटीच नाही, कारण त्याची सकाळ कधी दुपारी होते. त्यानं कामाचे बूट घालणं ही खुंटी धरली, शिफ्ट कुठलीही असो बूट घालावेच लागतात, लेस बांधताना तीन श्वास. शेतकऱ्याला रात्रीची लाईट असेल तर मोटार चालू करून बांधावर बसल्यावर. ज्याला ज्याला जसं.

पण बीडकडनं दसऱ्याच्या सुमाराला जी जोडपी कोयत्यावर ऊसतोडीला जातात, पहाटे तीनला उठून फडात, तान्हं लेकरू पाचटावर झोपवून, त्या बाईला मी पाच घास सावकाश खा असं सांगायला जाणार नाही. तिला आधी उचल म्हणजे आगाऊ पैसे, पाळणाघर, दवाखाना, ह्या गोष्टी पाहिजेत.

आणि घरातलं कुणी दोन आठवडे झाले तरी नीट झोपत नाही, खात नाही, कशातच जीव लागेना म्हणतं, किंवा मरणाच्या गोष्टी काढतंय, तर चहापाशी उभं राहून ते बरं होणार नाही. १४४१६ हा टेली मानस नंबर, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे तरी आपल्याकडं फार जणांना माहीत नाही. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, तिथं जायला लाज कसली, शुगरच्या डॉक्टरकडं जातो तसंच. सोबत मात्र जा, एकट्याला पाठवू नका.

सध्या यार्डात तुरीचा सीझन चालू आहे. माझ्या कॅलेंडरवर ह्या आठवड्यात सोमवार ते बुधवार तीनही रकाने भरलेत, गुरुवार शुक्रवार कोरे, कारण घरी यायलाच साडेनऊ वाजले. शनिवारी झोपताना लिहिलंय: पाय, बरं. त्याच्याखाली लेकरानं त्याच्या पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, आई ओरडली नाही, आणि पुढं प्रश्नचिन्ह.